चालत्या प्रोसेसवर नजर कोणाची? संगणकातील मोजमापाच्या अधिकाराचा इतिहास

१/२२
जानेवारी २००८. सन मायक्रोसिस्टिम्समधील अभियंते ॲडम लेव्हेंथल ॲपलच्या मॅक संगणकावर ‘डीट्रेस’ हे साधन पडताळून पाहत होते. हे साधन घडवणाऱ्या तिघांपैकी ते एक. चालू असलेल्या प्रोसेसच्या अंतरंगात काय घडते आहे ते दाखवणे, हे त्या साधनाचे काम. परंतु ठरावीक अंतराने पडायला हव्या असलेल्या नोंदींपैकी काही नोंदी गायब होत होत्या. शोध घेतल्यावर कारण सापडले. ज्या क्षणी प्रोसेसरवर आयट्यून्स चालू असे, त्या क्षणाची नोंदच होत नव्हती.

२/२२
हा अपघात नव्हता. मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एखाद्या प्रोसेसला ‘माझ्यावर कोणी नजर ठेवू नये’ असे जाहीर करण्याची सोय होती आणि ॲपलने डीट्रेसची जी आवृत्ती आणली, ती या जाहीरनाम्याचा मान राखत होती. आयट्यून्स कॉपी-संरक्षित संगीताची राखण करीत असे. त्यामुळे संगणक ज्याच्या मालकीचा, त्यालाही, अगदी सर्वाधिकारी ‘रूट’ असतानाही, आपल्याच यंत्रातील एका प्रोसेसचा हिशेब दिसत नव्हता. यंत्राच्या आत कोणी कोणाला पाहावे, हा प्रश्न त्या दिवशी नव्याने उघडा पडला. प्रश्न मात्र जुना होता. या थ्रेडमध्ये त्याचा इतिहास पाहू.

३/२२
प्रथम मूळ संकल्पना. संगणकावर चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे एक प्रोसेस. एकाच वेळी अशा शेकडो प्रोसेस नांदत असतात आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, प्रत्येकीला प्रोसेसरचा थोडाथोडा वेळ वाटून देतो. कोणत्या प्रोसेसने किती वेळ घेतला, तो कोठे खर्च झाला, ती मेमरीची वाट पाहत किती काळ अडकून राहिली, हे सारे मोजणे म्हणजे कार्यक्षमतेची देखरेख. ही देखरेख सुरू कोणी करायची, थांबवायची कोणी आणि पाहण्याचा हक्क कोणाला, हे ठरवणे म्हणजे त्या देखरेखीचे नियंत्रण.

४/२२
वेळेचा हिशेब ठेवण्याची निकड ‘टाइम-शेअरिंग’मधून जन्मली. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने ‘सीटीएसएस’ या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच महागडे यंत्र, पण अनेक जण एकाच वेळी त्यावर काम करताहेत, असे ते दृश्य होते. एका यंत्राचे अनेक वाटेकरी झाले, की वाटणी चोख हवी. पुढे ही प्रणाली आयबीएमच्या ज्या यंत्रांवर चालली, त्यांत यासाठी मुद्दाम दोन गोष्टी बसवून घेण्यात आल्या: ठरावीक वेळाने प्रोसेसरला टोकणारे घड्याळ आणि एकाच्या मेमरीत दुसऱ्याला शिरू न देणारे संरक्षण. मोजमाप आणि पहारा ही दोन्ही अंगे अशी अगदी सुरुवातीपासून शेजारी शेजारी उभी होती.

५/२२
सीटीएसएसचा वारसा पुढे ‘मल्टिक्स’ने चालवला. ऑगस्ट १९७० मध्ये जेरोम सॉल्टझर आणि जॉन गिन्टेल यांनी मल्टिक्समधील मोजमापाच्या साधनांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रोग्रॅमला वाचता येणारे दिनदर्शक घड्याळ आणि मेमरीच्या फेऱ्या मोजणारा काउंटर यंत्रातच होता. शिवाय बाहेरून एक छोटा संगणक जोडून, मुख्य यंत्राच्या कामात जवळजवळ व्यत्यय न आणता त्याची मेमरी वाचण्याची सोय होती. मोजणारा बाहेर ठेवावा, म्हणजे मोजल्या जाणाऱ्याच्या वागण्यात फरक पडत नाही, ही समज त्यामागे होती.

६/२२
याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड कनूथ एका वेगळ्याच उत्खननात गुंतले होते. लोक प्रत्यक्षात कशा प्रकारचे प्रोग्रॅम लिहितात, हे जाणण्यासाठी त्यांच्या गटाने संगणक केंद्रातील कचऱ्याच्या टोपल्याही धुंडाळल्या आणि टाकून दिलेले फोरट्रान प्रोग्रॅम गोळा केले. १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सामान्यतः प्रोग्रॅमच्या ४ टक्क्यांहून कमी भागात त्याचा निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. टाकून दिलेले कागद दरबारी कागदांपेक्षा अनेकदा अधिक खरे बोलतात.

७/२२
या निष्कर्षाचे परिणाम दूरगामी होते. वेळ खाणारा भाग इतका लहान असेल, तर तो शोधल्याशिवाय केलेली सुधारणा म्हणजे अंधारात मारलेला दगड. आपल्या प्रोग्रॅमचा कोणता भाग मंद आहे याविषयी लिहिणाऱ्याचा अंदाज बहुधा चुकतो. म्हणून प्रोग्रॅम चालू असतानाचा आलेख, ज्याला ‘प्रोफाइल’ हे नाव रूढ झाले, तो प्रत्येक प्रोग्रॅमरला सहज मिळायला हवा, अशी कनूथ यांची भूमिका होती. मोजमाप ही यंत्रचालकाची मिरासदारी राहू नये, हा विचार येथे दिसू लागतो.

८/२२
हा विचार युनिक्सने १९७० च्या दशकात प्रत्यक्षात आणला. त्यात ‘प्रोफिल’ नावाची एक सोय होती. प्रोसेस स्वतःच कर्नेलला विनंती करी: ‘ही घ्या माझ्या मेमरीतील रिकामी वही, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला मी कोठे आहे, ते हिच्यात नोंदवा.’ घड्याळ सेकंदाला ६० ठोके देई. प्रोग्रॅम १० सेकंद चालला, की ६०० नोंदी होत. त्यांपैकी ३०० एकाच फंक्शनमध्ये पडल्या, तर सुमारे ५ सेकंद तेथेच गेले, असा सरळ हिशेब. शिरगणती न करता नमुना पाहणी करावी, तसा हा प्रकार.

९/२२
नियंत्रणाच्या दृष्टीने ‘प्रोफिल’ची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. मोजमाप मागणारी प्रोसेस आणि मोजली जाणारी प्रोसेस एकच. ठरावीक आकडा दिला की देखरेख बंद. आणि त्या प्रोसेसने आपल्या जागी दुसराच प्रोग्रॅम सुरू केला, तर देखरेख आपोआप संपत असे. संमती एका प्रोग्रॅमची होती. ती दुसऱ्याला लागू होत नाही, असा त्याचा अर्थ. हा नियम वरवर तांत्रिक वाटतो, परंतु पुढील ४० वर्षांत कर्नेल घडवणाऱ्यांना तो पुन्हा पुन्हा आठवावा लागला.

१०/२२
१९८२ मध्ये बर्कली येथील सुझन ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी ‘जीप्रॉफ’ मांडले. जुन्या साधनाची अडचण अशी, की वेळ लहान लहान फंक्शनांत विखुरलेला असेल, तर खरा दोषी सापडत नसे. जीप्रॉफने ‘कोणी कोणाला बोलावले’ याचीही नोंद ठेवली आणि मुलांचा खर्च पालकांच्या खात्यावर टाकला. यासाठी प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी मोजणीची जादा आज्ञा घुसवावी लागे, त्यामुळे मोजला जाणारा प्रोग्रॅम मंदावत असे. शिवाय, प्रत्येक बोलावण्याला सारखाच वेळ लागतो, असे त्यात गृहीत धरले होते आणि ते नेहमी खरे नसे. मोजमापाला किंमत असते आणि मोजमापाची स्वतःची गृहीतकेही असतात, हा धडा या साधनाने दिला.

११/२२
आतापर्यंत प्रश्न स्वतःला पाहण्याचा होता. दुसऱ्याला पाहायचे असेल तर? युनिक्समधील ‘पीएस’ ही आज्ञा चालू प्रोसेसची यादी दाखवी. त्यासाठी ती थेट कर्नेलची मेमरी वाचत असे. त्या मेमरीत केवळ प्रोसेसची यादी नव्हती. इतरांनी नुकतीच टंकलेली अक्षरेही तेथे सापडू शकत. म्हणून अशा आज्ञांना खास परवाना द्यावा लागे. अंगणात कोण आहे हे सांगण्यासाठी पहारेकऱ्याकडे साऱ्या वाड्याच्या किल्ल्या सोपवाव्यात, अशी ती व्यवस्था होती. पहारेकरी चुकला, की वाडा उघडा.

१२/२२
१९८४ मध्ये बेल लॅब्जमधील टॉम किलियन यांनी यावर एक साधा, पण दूरदृष्टीचा उपाय मांडला: प्रत्येक प्रोसेसला फाइलीचे रूप द्यावे. ‘प्रॉक’ नावाच्या एका डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसच्या नावे एक फाइल दिसू लागली. फाइल कोणी वाचावी आणि कोणी लिहावी, याचे नियम युनिक्समध्ये आधीच पक्के होते. तेच नियम आता प्रोसेस पाहण्याला लागू झाले. ज्याची प्रोसेस, त्याला दर्शन. त्याच वर्षी विल्यम लेफेव्हर यांनी ‘टॉप’ हे साधन लिहिले. सर्वांत जास्त प्रोसेसर खाणाऱ्या प्रोसेस वर दाखवणारा तो तक्ता आजही जगभरचे सर्व्हर सांभाळणारे लोक उघडून बसतात.

१३/२२
१९९० च्या दशकात कथेला वेगळे वळण लागले. प्रोसेसर इतके गुंतागुंतीचे झाले, की वेळ कळून भागेना. वेळ का लागला, तेही कळायला हवे होते. मार्च १९९३ मध्ये आलेल्या इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये ४० बिटांचे दोन काउंटर होते. कॅशमध्ये माहिती न सापडणे, शाखेचा अंदाज चुकणे अशा घटना ते मोजू शकत. परंतु त्यांची माहिती ‘अपेंडिक्स एच’ या गोपनीय परिशिष्टात होती. गोपनीयतेच्या करारावर सही करणाऱ्यालाच ते मिळे. यंत्र विकत घेणाऱ्याच्या हातात मोजमापाचे साधन होते, मात्र ते आहे हे त्याला सांगितलेच गेले नव्हते.

१४/२२
नॉर्वेतील प्रोग्रॅमर टेर्ये मॅथिसन यांनी तो करार केला नव्हता. प्रोसेसरमधील विशेष रजिस्टरे वाचण्याची आज्ञा उघड होती. कोणत्या क्रमांकाच्या रजिस्टरात काय आहे, तेवढे झाकलेले होते. त्यांनी प्रयोग करून ते क्रमांक आणि त्यांचे अर्थ उलगडले. जुलै १९९४ च्या ‘बाइट’ मासिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि गुपित जगजाहीर झाले. पुढे १९९५ मधील पेंटियम प्रोच्या वेळी इंटेलने काउंटरांची माहिती अधिकृत पुस्तिकेत दिली आणि ते वाचण्याची स्वतंत्र आज्ञाही उपलब्ध केली. मोडी न जाणणाऱ्याला दफ्तर बंदच असते. येथे लिपी लपवली गेली होती आणि एका वाचकाने ती लावून दाखवली.

१५/२२
काउंटर उघड झाले, तरी ते वापरायला ऑपरेटिंग सिस्टीमची मध्यस्थी अटळ होती. काउंटर प्रोसेसरचा असतो, प्रोसेसचा नव्हे. कर्नेलने एका प्रोसेसला बाजूला सारून दुसरीला जागा दिली, तरी काउंटर पुढे मोजतच राहतो आणि एकीच्या खात्यावर दुसरीचा खर्च चढतो. म्हणून प्रत्येक अदलाबदलीच्या वेळी कर्नेलने जुना आकडा जपून ठेवायचा आणि नवीचा आकडा परत बसवायचा, हा शिरस्ता आवश्यक ठरला. शिवाय काउंटर मोजकेच, मागण्या अनेक. कोणाला काउंटर द्यायचा आणि किती वेळ, हेही कर्नेललाच ठरवावे लागले. देखरेखीची साधने हीच एक दुर्मीळ मालमत्ता झाली.

१६/२२
१९९७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी दाखवले, की देखरेख सतत चालू ठेवणे परवडू शकते. अल्फा प्रोसेसरवरील त्यांची प्रणाली सेकंदाला ५,२०० हून अधिक नमुने घेई आणि तरी यंत्राचा वेग केवळ १ ते ३ टक्के कमी होई. त्यात एक बारकावा होता. दोन नमुन्यांतील अंतर मुद्दाम अनियमित ठेवलेले होते. अंतर नियमित असेल, तर तेवढ्याच लयीत फिरणारा प्रोग्रॅम दर वेळी एकाच जागी सापडतो आणि निष्कर्ष फसवा ठरतो. पहारेकऱ्याची फेरी ठरलेल्या वेळी होऊ नये, हा जुना नियम येथेही खरा ठरला.

१७/२२
२००५ हे वर्ष या इतिहासात ठळक आहे. जानेवारीत सोलारिस १० सोबत डीट्रेस आले. ब्रायन कॅन्ट्रिल, माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथल यांची ही निर्मिती. बंद असताना शून्य खर्च, चालू असताना सुरक्षित. कर्नेलमध्ये अडकून बसू नये म्हणून त्याच्या भाषेत पुनरावृत्तीची चक्रेच ठेवली नव्हती. स्वतःच्या प्रोसेस पाहणे आणि कर्नेल पाहणे यांसाठी वेगवेगळे परवाने होते. नोव्हेंबरात फ्रीबीएसडी ६.० मध्ये जोसेफ कोशी यांचे ‘एचडब्ल्यूपीएमसी’ आले. त्यात एका प्रोसेसची मोजणी आणि साऱ्या यंत्राची मोजणी हे भेद स्पष्ट होते. सामान्य वापरकर्त्याला साऱ्या यंत्राची मोजणी मुळात बंद होती आणि पाहिल्या जाणाऱ्या प्रोसेसचे अधिकार मध्येच बदलले, तर पाहणाऱ्याचा हक्क पुन्हा तपासला जाई. ‘प्रोफिल’चा तो जुना नियम असा परतला.

१८/२२
त्याच वर्षी मे महिन्यात ओटावा येथील परिषदेत कॉलिन पर्सिव्हल यांनी मोजमापाची काळी बाजू दाखवली. एकाच प्रोसेसरवर दुसऱ्या धाग्यात चाललेल्या हेर प्रोसेसने स्वतःला मेमरी वाचायला किती वेळ लागतो, एवढेच बारकाईने मोजून आरएसए कूटकिल्लीचा मोठा भाग हस्तगत करता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. कोणाच्या मेमरीला हात लावलेला नव्हता, कुलूप तोडलेले नव्हते. भिंतीपलीकडच्या पावलांचा आवाज मोजून घरातील हालचाल ओळखावी, तसे हे होते. वेळ मोजून कूटलेखन फोडण्याची कल्पना पॉल कोचर यांनी १९९६ मध्येच मांडली होती. आता ती एका यंत्रातील शेजाऱ्यांपर्यंत येऊन पोहोचली.

१९/२२
लिनक्समध्ये काउंटरांसाठी मिकाएल पेटरसन यांचे ‘परफसीटीआर’ आणि स्टेफान एरानियां यांचे ‘परफमॉन’ असे प्रकल्प वर्षानुवर्षे मुख्य कर्नेलच्या उंबऱ्याबाहेर होते. डिसेंबर २००८ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी वेगळीच रचना पुढे केली आणि सप्टेंबर २००९ मध्ये २.६.३१ या आवृत्तीत ती कर्नेलचा भाग झाली. हेच आजचे ‘परफ’. त्याच्या एकाच सिस्टीम कॉलमध्ये प्रोसेसचा क्रमांक द्यायचा असतो: शून्य दिले तर स्वतःवर नजर, दुसरीचा क्रमांक दिला तर तिच्यावर, उणे एक दिले तर त्या प्रोसेसरवर येणाऱ्या साऱ्यांवर. मोजणी चालू करणे आणि थांबवणे यांसाठीही वेगळ्या आज्ञा होत्या. चार दशकांचा प्रश्न एका आकड्यात येऊन बसला होता.

२०/२२
२०१३ मध्ये मात्र कुंपणानेच शेत खाल्ले. परफच्या कर्नेलमधील भागात ६४ बिटांचा एक आकडा ३२ बिटांच्या चिन्हयुक्त चलात घेतला जात होता. तो आकडा कमाल मर्यादेपेक्षा मोठा नाही ना, हे तपासले जाई. ऋण तर नाही ना, हे कोणी पाहिलेच नव्हते. ऋण आकडा देऊन कर्नेलच्या मेमरीत भलत्याच ठिकाणी बदल करता येत होता आणि सामान्य वापरकर्ता सर्वाधिकारी होऊ शकत होता. टॉमी रांटाला यांनी एप्रिलमध्ये ही चूक दुरुस्त केली. बदल होता केवळ त्या चलाच्या प्रकाराचा. मे महिन्यात हल्ल्याचा प्रोग्रॅम जाहीर झाला, तेव्हा २०११ च्या सुरुवातीपासूनच्या लिनक्स आवृत्त्या धोक्यात असल्याचे जगाला कळले. पाहण्यासाठी बांधलेली खिडकी चोरवाट ठरली होती.

२१/२२
त्यानंतर खिडक्या लहान होत गेल्या. लिनक्समध्ये ‘परफ इव्हेंट पॅरॅनॉइड’ नावाचा एक आकडा ही मर्यादा ठरवतो. मे २०१६ मधील ४.६ आवृत्तीत तो मुळातच १ वरून २ करण्यात आला. सामान्य वापरकर्त्याला आपल्या प्रोसेसचा हिशेब राहिला, पण कर्नेलच्या आतील हालचाल झाकली गेली. डेबियन आणि अँड्रॉइड यांनी ३ ही आणखी कडक पायरी स्वीकारली. तिथे सामान्य वापरकर्त्याला हे दार पूर्णच बंद. ही पायरी मुख्य लिनक्समध्ये घ्यावी, असा प्रस्ताव २०१६ मध्ये आला, पण तो मान्य झाला नाही. प्रोग्रॅमरांना आपल्याच कामाचे मोजमाप करता येणार नाही, हा त्यातील आक्षेप निराधार नव्हता. मग जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनी वेबपानांना मिळणारे घड्याळच मुद्दाम भरड केले. सूक्ष्म मोजमाप हेच हत्यार ठरू शकते, हे आता सर्वांना मान्य झाले होते.

२२/२२
ऑगस्ट २०२० मध्ये लिनक्स ५.८ ने ‘कॅप परफमॉन’ हा स्वतंत्र अधिकार निर्माण केला. तोवर साऱ्या यंत्राची देखरेख करणाऱ्याला जवळजवळ सर्वाधिकार द्यावे लागत. घड्याळ पाहू इच्छिणाऱ्याच्या हाती कोठाराची किल्लीही जात असे. आता पाहण्याचा अधिकार राज्य करण्याच्या अधिकारापासून वेगळा झाला. बेल लॅब्जमध्ये १९८४ साली सुरू झालेली वाट येथवर आली.

तरीही आयट्यून्सने उभा केलेला प्रश्न मिटलेला नाही. शेजाऱ्यापासून प्रोसेसला संरक्षण हवे, हे पर्सिव्हल यांनी पटवून दिले. यंत्राच्या धन्यापासून प्रोसेसला संरक्षण हवे का, याचे उत्तर वेगवेगळ्या प्रणाली आजही वेगवेगळे देतात. मॅथिसन यांच्या काळी काउंटर लपवणारा उत्पादक होता. २००८ मध्ये हिशेब लपवणारी प्रणाली होती. आज मर्यादा घालणारे बहुतेक जण सुरक्षिततेचे कारण देतात आणि ते पुष्कळदा खरेही असते. म्हणूनच प्रत्येक वेळी विचारायचे दोन प्रश्न उरतात: हे दार कोणासाठी बंद केले आणि किल्ली कोणाकडे ठेवली?

ज्यांच्याकडे लिनक्स आहे, त्यांनी ‘प्रॉक’ डिरेक्टरीत ‘सिस’ आणि त्यात ‘कर्नेल’ उघडून ‘परफ इव्हेंट पॅरॅनॉइड’ ही फाइल वाचून पाहावी. तिच्यात एकच आकडा असेल. त्याच्यामागचा इतिहास आता आपल्याला ठाऊक आहे.

(थ्रेड समाप्त)